ढाक्यात ७० टक्के काम आहे आणि क्लायंट बीसीपी मागतोय: दोन इंटरनेट लाइन आणि जनरेटर पुरतील का?

तुमचा प्रश्न मी असा समजले: पुण्यात ३५ जणांची कंपनी, युरोपात ऑनलाइन कपडे विकणाऱ्यांसाठी फोटो-एडिटिंग आणि कॅटलॉगचं काम, आणि त्यातलं ७० टक्के काम ढाक्यातल्या एका भागीदाराकडे. जर्मन क्लायंटने करार वाढवण्याआधी बीसीपी, म्हणजे संकटातही काम कसं चालू ठेवणार याची लेखी योजना, मागितलाय. तुम्ही विचारता, 'दोन इंटरनेट लाइन, जनरेटर आणि गरज पडल्यास घरून काम, एवढं लिहून दिलं तर चालेल का? की ढाकाच सोडून द्यावं?'

कागद म्हणून चालेल. क्लायंटच्या खरेदी विभागातला माणूस रकान्यात टिक करेल आणि फाइल पुढे सरकेल. प्रत्यक्षात मात्र त्या तीन ओळींपैकी एकही कामाला येणार नाही. हे मी हुशारीने सांगत नाही, तोंड पोळलंय म्हणून सांगते. एकोणीस वर्षं डिलिव्हरी सांभाळतेय. ढाका, खारकीव आणि कोलंबो या तिन्ही ठिकाणच्या भागीदारांबरोबर त्यांच्या वाईट दिवसांत काम केलंय.

१८ जुलै २०२४, गुरुवार. बांगलादेशात शुक्रवार-शनिवार सुट्टी, त्यामुळे आठवड्याचा सगळा लॉट गुरुवारी रात्री चढायचा. आपल्याकडे साडेआठ वाजले होते, म्हणजे ढाक्यात नऊ. अपलोड चालू होतं आणि समोरच्या डॅशबोर्डवर भागीदाराच्या माणसांचे हिरवे ठिपके दिसत होते. ते सगळे एकदम राखाडी झाले. एखाद्याची लाइन गेली तर एक ठिपका जातो, ऑफिसची गेली तर ऑफिसमधले जातात. इथे घरून बसलेले आणि ऑफिसात असलेले सगळे त्याच मिनिटाला गेले. आमच्या भागीदाराकडे दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन होत्या, भलामोठा जनरेटर होता, आणि आमच्या बीसीपीत तुमच्याच त्या तीन ओळी होत्या.

आरक्षणाच्या कोट्यावरून विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं होतं आणि सरकारने देशाचं इंटरनेटच बंद केलं होतं. बांगलादेशात बाहेरून येणारं नेट कॉक्सबझार आणि कुआकाटा इथल्या समुद्री केबलमधून येतं, काही जमिनीवरून भारतातून येतं, आणि तिथून मोजक्या गेटवे कंपन्यांमार्फत सगळ्या आयएसपींना, म्हणजे घरोघरी नेट देणाऱ्या कंपन्यांना, मिळतं. वरचा कॉक बंद केला की खाली दोन नळ आहेत की दहा, याला अर्थ राहत नाही. ब्रॉडबँड २३ तारखेच्या रात्री परत आलं, तेही आधी निवडक भागांत. मोबाइलवरचं नेट २८ तारखेपर्यंत नव्हतं. १९ च्या मध्यरात्रीपासून संचारबंदी. आणि ५ ऑगस्टला, शेख हसीना देश सोडून गेल्या त्या दिवशी, सकाळी पुन्हा काही तास सगळं बंद.

तेव्हा तुमचा प्रश्न 'बॅकअप लाइन किती' असा नाहीच. 'ढाका दहा दिवस नकाशावरून पुसलं गेलं तर बाराव्या दिवशी माझा क्लायंट माझ्याकडे असेल का', हा आहे. त्याचं उत्तर तुमच्या कामाच्या स्वरूपावर, मार्जिनवर आणि भागीदाराच्या स्वभावावर अवलंबून आहे, म्हणून मी टक्केवारी छातीठोकपणे सांगणार नाही. विचार कसा करायचा तेवढं सांगते.

आधी त्या गुरुवारचं पूर्ण करते, कारण मी शिकले ते त्यातूनच. मूळ फोटो आमच्याकडे होते. पण अर्धवट झालेलं काम भागीदाराच्या मीरपूरच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर अडकलं होतं. आठवड्याअखेर एकदाच चढवायचं ही आमचीच शिस्त, बँडविड्थ वाचते म्हणून. म्हणजे चार दिवसांचं काम झालेलं, बिल होऊ शकेल असं, आणि आमच्या हातात शून्य. पुण्यात सात जण बसवून पहिल्यापासून करायला घेतलं, तर दुसरीच अडचण उभी राहिली. एका ब्रँडला कपड्याखालची सावली विशिष्ट कोनात आणि अगदी फिकी लागते. ती कशी करायची ते ढाक्यातल्या एका सीनियर मुलीला माहीत होतं. तिने त्यासाठी फोटोशॉपची अ‍ॅक्शन, म्हणजे एका क्लिकवर त्याच पायऱ्या पुन्हा करणारी फाइल, बनवून ठेवली होती, आणि ती फक्त तिच्याच मशीनवर होती. स्टाइल गाइडमध्ये एका ओळीत 'सॉफ्ट शॅडो' एवढंच. आम्ही पाठवलेले पहिले २०० फोटो क्लायंटने परत केले.

नेटपेक्षा ते २०० फोटो मला जास्त महागात पडले. नेट सरकारने बंद केलं, त्यावर माझा इलाज नव्हता. सावली मात्र माझ्या हलगर्जीपणाची होती.

तिसऱ्या दिवशी कसाबसा फोन लागला. मी लॉटबद्दल विचारायच्या तयारीत होते. भागीदार म्हणाला, अर्ध्या पोरांच्या घरी वीज नाही. मला वाटलं तारा तुटल्या. तसं नव्हतं. ढाक्यात पुष्कळ घरांना प्रीपेड मीटर आहेत आणि रिचार्ज मोबाइलवरून करायची सवय. नेट नाही म्हणून रिचार्ज नाही, बॅलन्स संपला की घरात अंधार, आणि संचारबंदी सैल झाली की वीज कार्यालयापुढे लांबच लांब रांग. मोबाइलमधले पैसे असून नसल्यासारखे, एटीएममध्ये नोटा नाहीत. घरून काम ही ओळ लिहिताना हे आपल्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं असतं? तेव्हापासून भागीदाराच्या तिजोरीत प्रत्येक माणसामागे दहा दिवसांच्या घरखर्चाएवढी रोकड ठेवायला आम्ही वेगळी अनामत देतो. दुसऱ्या लाइनच्या वार्षिक भाड्यापेक्षा ती कमी पडते.

'अस्थिर प्रदेश' हा शब्द फसवा आहे. ताप म्हटल्यावर डॉक्टर कसला ताप ते विचारतो, तसंच इथेही विचारायला हवं. ढाक्यात जोडणी गेली पण माणसं, ऑफिस आणि कौशल्य शाबूत होतं. युक्रेनमध्ये उलटं होतं. नेट टिकलं, बाकी सगळं हललं.

खारकीव रशियाच्या सीमेपासून जेमतेम ३०-४० किलोमीटर. २४ फेब्रुवारी २०२२ ला युद्ध सुरू झालं तेव्हा आमच्या भागीदाराने माणसं पश्चिमेला ल्विव्हकडे हलवली. योजना कागदावर पोलंडपर्यंत जायची होती, पण लष्करी कायदा लागू झाला आणि १८ ते ६० वयाच्या पुरुषांना, काही अपवाद सोडले तर, देश सोडता येईना. टीममध्ये बहुतेक पुरुषच. म्हणजे 'स्थलांतर' या शब्दाचा अर्थ एका रात्रीत बदलला. तुमच्या योजनेत माणसं हलवायची ओळ असेल तर तिच्यापुढे लिहा: कोण, कोणत्या पासपोर्टवर, कुटुंबासह की एकटं, आणि सीमा त्याला सोडेल का.

त्या हिवाळ्यात वीज गेली. १० ऑक्टोबर २०२२ पासून रशियाने वीजकेंद्रांवर मारा सुरू केला. दिवसातून किती तास वीज, कुठल्या भागात कधी, याचं वेळापत्रक येऊ लागलं. आपल्याकडे भारनियमनाची वर्षं काढलेल्यांना ते वाचायला शिकवावं लागत नाही. मला मात्र तिथल्या लोकांनी एक नवी गोष्ट शिकवली. जुन्या पद्धतीच्या इंटरनेटमध्ये इमारतीच्या जिन्यात घरोघरी नेट वाटणारा एक डबा, म्हणजे स्विच, असतो, त्याला वीज लागते. इमारतीची वीज गेली की तो मेला, मग तुमच्या घरात कितीही मोठा इन्व्हर्टर असो. जीपॉन नावाच्या पद्धतीत एक्स्चेंजपासून घरापर्यंत नुसती काच येते, वाटेत वीज लागणारं काही नसतं. घरातल्या डब्याला आणि राउटरला पॉवर बँकेवरून बारा व्होल्ट दिले की नेट चालू. भागीदाराने ऑफिसच्या जनरेटरवर पैसे घालायच्या आधी माणसांच्या घरचं कनेक्शन जीपॉनचं करून दिलं आणि प्रत्येकाला बारा व्होल्टची केबल घेऊन दिली. तो सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी खर्च ठरला. ढाक्याच्या भागीदाराला विचारा, घरी येणाऱ्या लाइनचा स्विच जिन्यात आहे का. सरकारने नेट तोडलं तर याने काही होणार नाही, पण वादळ आणि भारनियमन तर दरवर्षीचंच आहे.

युक्रेनची दुसरी बाजू आकड्यांत दिसते. देशाची आयटी सेवांची निर्यात २०२१ मध्ये सुमारे ६.९ अब्ज डॉलर होती. युद्धाच्या पहिल्या वर्षी, २०२२ मध्ये, ती वाढून सुमारे ७.३ अब्ज झाली. घसरली ती २०२३ मध्ये, सुमारे ६.७ अब्जांवर. माझ्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळतं. क्लायंट धक्क्याच्या वेळी सहसा सोडून जात नाही. उलट सहानुभूती असते, दोन-तीन चुका माफ होतात. तो हळूच पाय काढतो पुढच्या वर्षी, नवं काम द्यायची वेळ येते तेव्हा. जुना करार चालू ठेवतो आणि नवा प्रोजेक्ट दुसऱ्या देशात देतो. दरम्यान टीममधले लोकही जातात. तिथे २०२४ च्या एप्रिलमध्ये सैन्यभरतीचं किमान वय २७ वरून २५ वर आलं आणि आमच्या भागीदाराची पुढची फळीच यादीत आली. कोलंबोत बंदूक नव्हती, पण तेच झालं. २०२२ मध्ये रुपया काही आठवड्यांत डॉलरला २०० वरून ३६० च्या आसपास गेला, पेट्रोलच्या रांगा, दिवसाला तेरा तासांपर्यंत वीज नाही. ऑफिस कसंबसं चाललं, आणि सगळं शांत झाल्यावर चांगली माणसं एकेक करून परदेशी गेली. ज्या भागीदाराने पगाराचा काही भाग डॉलरला बांधून दिला त्याची माणसं त्यातल्या त्यात टिकली.

तर संकटाच्या दहा दिवसांइतकाच नंतरच्या दीड वर्षाचा विचार करा. बीसीपीच्या नमुन्यात त्यासाठी रकाना नसतो.

आता तुमच्याकडे येते. माझ्या मते ढाका सोडू नका. क्लिपिंग पाथ (फोटोतला कपडा पार्श्वभूमीपासून कापून वेगळा करणं) आणि रिटचिंगचा तिथला हात खरंच चांगला आहे आणि तो एका दिवसात दुसरीकडे तयार होत नाही. पण ७० टक्के एका शहरात, तेही एका भागीदाराकडे, हे मी एक दिवसही ठेवणार नाही. आमच्याकडे आता ढाका निम्म्याच्या थोडं वर, पुणे तीसच्या आसपास आणि उरलेलं तिसरीकडे. यात पैसे जातात. पुण्यातला तासाचा दर जास्त आहे आणि तिसरी जागा पहिले सहा महिने तोट्यातच असते. मार्जिन फारच पातळ असेल तर तिसरी जागा लगेच उघडू नका; पण प्रत्येक ब्रँडचं थोडं काम दर महिन्याला पुण्यात व्हायलाच हवं. प्रसंग आल्यावर सुरू करू म्हणून ठेवलेली जागा प्रसंग आल्यावर सुरू होत नाही, हे मी २०० परत आलेल्या फोटोंच्या जोरावर सांगते.

तिसरी जागा निवडताना नकाशावरचं अंतर पाहू नका, कारणं वेगळी आहेत का ते पाहा. २०२० साली बेलारूसमध्ये निवडणुकीनंतर नेट बंद झालं, धरपकड झाली, तेव्हा मिन्स्कमधल्या कितीतरी आयटीवाल्यांनी जवळचं आणि भाषा समजणारं म्हणून कीव गाठलं. दीड वर्षाने त्यांना पुन्हा बॅगा भराव्या लागल्या. आमचंही तसंच. ढाक्यातले पाच जण अडचणीत पुण्याला आणायचे असं ठरलं होतं. ५ ऑगस्टनंतर भारताची तिथली व्हिसा केंद्रं बंद झाली, नंतर मोजक्याच कारणांसाठी सुरू झाली, आणि आमची योजना तिथेच संपली. मग बांगलादेशींना विमानतळावरच व्हिसा मिळतो म्हणून काठमांडू ठरवलं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तिथेही समाजमाध्यमांवरच्या बंदीवरून आंदोलन झालं, पंतप्रधानांनी राजीनामा दिला आणि विमानतळ बंद पडला. सुदैवाने तेव्हा आमचं कुणी तिथे नव्हतं. आता माणसं हलवायची योजनाच मी शेवटच्या पानावर टाकलीय. आधी काम हलतं, माणूस शेवटी.

आणि 'स्थिर' म्हणून घरच्या जागेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. तिसरं केंद्र कोल्हापुरात काढायचं आमच्याकडे जवळजवळ ठरलं होतं, आणि जून २०२३ मध्ये तिथेच तणावामुळे नेट बंद झालं. त्याच वर्षी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात जालना, बीडकडे तसंच. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष चालू असताना आमच्या डच क्लायंटने मला पुण्याचा बीसीपी मागितला होता. त्याच्या नकाशावर तुम्ही आणि ढाका यांच्यात फार फरक नाही, हे लक्षात ठेवून उत्तर लिहा. कोल्हापूर आम्ही तरीही केलं, कारण तिथलं नेट आणि ढाक्याचं नेट एकाच दिवशी एकाच कारणाने जाण्याची शक्यता फार कमी. एवढंच पाहायचं असतं.

कराराचं थोडक्यात सांगते, वकिलाला दाखवूनच करा. भागीदाराबरोबरच्या करारात सरकारी नेटबंदी 'फोर्स मॅज्युअर' मध्ये, म्हणजे हाताबाहेरच्या आपत्तीत, धरलेली असते, म्हणजे तो सुटला. तुमच्या जर्मन कराराच्या त्या कलमात ती आहे का? बहुतेक नसेल. मग मधल्या मधे दंड तुमच्या गळ्यात. दोन्ही करारांतली ती कलमं शेजारी ठेवून वाचा. दुसरं, काही फोटोंसोबत मॉडेलची नावं किंवा इतर वैयक्तिक माहिती येत असेल तर युरोपच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या कायद्याखाली काम नव्या ठिकाणी किंवा नव्या कंपनीकडे द्यायला क्लायंटची परवानगी लागते. ती आजच, शांततेत, पर्यायी जागांची नावं घालून घेऊन ठेवा. संकटात त्यांचा कायदा विभाग तीन आठवडे लावतो. तिसरं, विम्यावर फार भिस्त ठेवू नका. नेहमीच्या पॉलिसीत युद्ध वगळलेलं असतं.

उपग्रहाचं नेट कुणीतरी सुचवेलच. स्टारलिंक बांगलादेशात मे २०२५ मध्ये अधिकृतपणे सुरू झालंय, घ्यायला हरकत नाही. पण परवाना त्याच सरकारचा असतो, तेव्हा नेटबंदीतही ते चालेल असं गृहीत धरू नका. आणि विनापरवाना डिश आणण्याच्या भानगडीत कुणाला घालू नका. पकडला जाईल तो तुमच्या भागीदाराचा बावीस वर्षांचा मुलगा.

माणसांबद्दल आमचे दोनच नियम आहेत, तोडले तर मी खरंच भांडते. पहिल्या दिवशी जाणाऱ्या निरोपात डिलिव्हरीचा शब्द नाही. फक्त 'सगळे सुखरूप आहात का', तोही एसएमएसने, कारण व्हॉट्सअ‍ॅप त्या दिवशी नसतं. आणि संचारबंदीत ऑफिसला या असं कुणी कुणाला म्हणायचं नाही, पास मिळत असला तरी. टीममधला एखादा मोर्चात असेल, एखाद्याचा भाऊ पोलिसात असेल. आपण पुण्यातून ते विचारायचं नाही.

आता क्लायंटला काय लिहायचं. 'सेवा अखंड राहील' हे वाक्य खोडा. त्याऐवजी असं काहीसं: ढाका पूर्ण बंद झालं तर पहिल्या ४८ तासांत आम्ही नेहमीच्या ३० टक्के आणि पाचव्या दिवसापासून ४५ टक्के फोटो देऊ; त्या आठवड्यात वेबसाइटवर नव्याने येणारे कपडे आधी, जुन्या मालाचे फोटो थांबतील; प्राधान्याची यादी तुमच्याकडून अमुक माणूस देईल. आकडे तुमचे घाला, पण आधी तपासून. तपासायची पद्धत साधी आहे. एखाद्या दिवशी कुणालाही न सांगता ढाक्याचे सगळे लॉगिन दोन दिवस बंद करा, भागीदाराला पगाराचे पैसे द्या, आणि पुण्यातून किती निघतं ते मोजा. आमचं पहिल्या वेळी ११ टक्के निघालं होतं. कागदावर ४० होतं.

या सगळ्याला भागीदार तयार हवा. त्याला भीती वाटते की काम पुण्याला शिकवलं की आपलं काम जाईल, आणि ती भीती खोटी नाही. म्हणून त्याला किमान कामाची लेखी हमी द्या, अगदी नेटबंदीच्या महिन्याचीही. हमी देऊनही तो अ‍ॅक्शन फाइली, ब्रँडच्या नोंदी, सीनियर लोकांचा वेळ द्यायला टाळाटाळ करत असेल, तर मात्र ढाका सोडा. राजकारणामुळे नाही, त्याच्यामुळे.

तुम्ही प्रश्नात एक गोष्ट लिहिलेली नाही. अर्धवट झालेल्या फाइली रात्री कुठे असतात, तुमच्या सर्व्हरवर की त्याच्या? आमच्याकडे आता दर दोन तासांनी वर चढतात आणि आठवड्याचा लॉट बुधवारी जातो, गुरुवारी नाही. तुमचं कसं आहे ते कळवा, त्यावर अपलोडच्या वेळा कशा बसवायच्या ते लिहिते.